खाली म्हणजे कोणीकडे? प्राथमिक वर्गांसाठी गुरुत्वाकर्षणाचा पाठसंच : प्रकल्प नोंदी

४ जुलै

तिसरी ते पाचवीच्या, म्हणजे साधारण आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी गुरुत्वाकर्षणावरचा एक छोटा पाठसंच तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. संचात शिक्षकांसाठी एक पुस्तिका, मुलांसाठी कृतिपत्रिका आणि साध्या साहित्याची एक पेटी असेल. सूत्रे, व्यस्त वर्गाचा नियम आणि आकडेमोड या वयात आणायची नाही हे पहिल्याच चर्चेत ठरले आणि त्यावर कोणाचे दुमत नव्हते. खरा प्रश्न आहे तो सुरुवात कोठून करायची हा. बहुतेक पाठ "पृथ्वी प्रत्येक वस्तूला स्वतःकडे ओढते, या ओढीला गुरुत्वाकर्षण म्हणतात" या वाक्याने सुरू होतात. मुले हे वाक्य लगेच पाठ करतात आणि वस्तू खाली का पडते असे विचारले की "गुरुत्वाकर्षणामुळे" असे एका सुरात सांगतात. उत्तर बरोबर असते, पण ते ऐकून मुलांना नेमके काय उमगले आहे याचा काहीच थांग लागत नाही.

माझे मत असे आहे की या वयात अडचण ओढीच्या कल्पनेची नसते. ओढणे आणि ढकलणे मुलांच्या हातांना चांगले ठाऊक असते. अडचण असते ती दिशेची. ज्या मुलाच्या मनात खालची दिशा ही साऱ्या विश्वासाठी एकच, कायमची ठरलेली दिशा आहे, त्या मुलाला वस्तू पडण्याचे कारण शोधावेसेच वाटत नाही. आधार काढला की वस्तू पडणारच, त्यात विचारण्यासारखे काय आहे? पृथ्वी ओढते हे उत्तर ज्या प्रश्नाचे आहे, तो प्रश्न खालची दिशा जागोजागी वेगळी असते हे दिसल्यावरच मनात उभा राहतो. म्हणून या संचात आधी दिशा, मग पडणे, त्यानंतर अवकाश असा क्रम ठेवण्याचे ठरवले आहे. गुरुत्वाकर्षण हा शब्द दिशेचा पाठ पुरा होईपर्यंत शिक्षकांनी स्वतःहून वापरायचा नाही. मुलांनी वापरला तर त्यांना अडवायचे नाही, पण "म्हणजे काय होते ते दाखव" असे जरूर म्हणायचे.

६ जुलै

आज चौथीच्या एका वर्गात पूर्वचाचणीची कृतिपत्रिका दिली. पानावर एक मोठे वर्तुळ आहे, ती पृथ्वी. वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे असे चार जण तिच्यावर उभे आहेत आणि प्रत्येकाच्या हातात एक दगड आहे. दगड सोडल्यावर तो कोणत्या वाटेने जाईल ती रेघ मुलांनी काढायची आहे. पृथ्वी गोल आहे हे या वर्गातील प्रत्येक मुलाला सांगता येते, आणि तरीही बहुतेकांच्या चारही रेघा पानाच्या खालच्या कडेकडे गेल्या. डावीकडच्या माणसाचा दगड पृथ्वीला घासत खाली गेला आणि तळाशी उभ्या असलेल्या माणसाचा दगड थेट पानाबाहेर.

एका मुलीचे पान बराच वेळ माझ्यासमोर होते. तिने तळाच्या माणसाचा दगड खाली सोडला, क्षणभर थांबली आणि पानाच्या खालच्या कडेला पट्टी लावून एक आडवी रेघ ओढली. ही रेघ कसली असे विचारल्यावर ती म्हणाली, "ताई, ही जमीन. नाहीतर दगड कुठे थांबणार?" गोल पृथ्वी चित्रात होती, आणि तिच्याखाली सगळ्याला आधार देणारी दुसरी सपाट जमीनही होती. या दोन्ही गोष्टी तिच्या मनात शेजारी शेजारी सुखाने नांदत होत्या. दुसऱ्या एका मुलाने चारही माणसे खोडून वर्तुळाच्या आत एक सपाट तळ काढला आणि माणसे त्यावर उभी केली. आपण पृथ्वीच्या आत राहतो आणि वर आकाशाचा घुमट आहे, असे त्याचे म्हणणे होते.

हे काही या वर्गापुरते नाही. जोसेफ नुसबाउम आणि जोसेफ नोव्हाक यांनी १९७६ मध्ये दुसरीच्या मुलांच्या मुलाखतींतून अशाच कल्पना नोंदवल्या. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये पोकळ गोल, वरून चपटा गोल आणि एकाच वेळी दोन पृथ्व्या अशी मुलांच्या मनातील प्रतिमानांची मांडणी केली. त्यावर पुढे असा आक्षेप घेतला गेला की चित्र काढायला सांगण्याची पद्धतच मुलांना गोंधळात टाकते आणि त्यांचे ज्ञान आहे त्याहून कमी दिसते. हा आक्षेप मला रास्त वाटतो. म्हणून कृतिपत्रिका गोळा करण्याआधी प्रत्येक मुलाशी तोंडी बोलायचे आणि त्याचे शब्द पानाच्या मागे लिहून ठेवायचे, अशी सूचना पुस्तिकेत घातली आहे. पट्टीने ओढलेल्या त्या आडव्या रेघेचा अर्थ विचारल्याखेरीज कळला नसता.

९ जुलै

दिशेचा पाठ. पृथ्वीगोलावर ठिकठिकाणी छोट्या बाहुल्या चिकटवून "सगळ्यांचे पाय पृथ्वीकडे" असे दाखवण्याची पद्धत प्रचलित आहे. ती या संचात घ्यायची नाही असे आज ठरवले, कारण तिच्यातच तिचे खंडन दडलेले आहे. गोलाच्या तळाची बाहुली, गोंद सुटला की, खरोखरच खाली पडते. मूल ते पाहते आणि आपलेच म्हणणे खरे होते असा निष्कर्ष काढते, जो त्याने पाहिलेल्या पुराव्याला धरूनच असतो. वर्गातला पृथ्वीगोल बाहुलीला ओढतो तो नगण्य, आणि खरी पृथ्वी त्या बाहुलीला आणि गोलाला दोघांनाही ओढते. पण हे समजायला जे आधी समजलेले असावे लागते, तेच तर शिकवायचे आहे.

त्याऐवजी मातीचा गोळा आणि टूथपिक घेतले. प्रत्येक गटाला मुठीएवढा मळलेला गोळा आणि मूठभर टूथपिक द्यायच्या. प्रत्येक टूथपिक म्हणजे एक माणूस, आणि तो आपल्या जागी ताठ उभा आहे, कोणत्याही बाजूला कललेला नाही. मुलांनी गोळ्यावर कोठेही टूथपिक ताठ रोवायच्या आणि मग त्या हळूहळू आत ढकलत न्यायच्या. आत काही अंतर गेल्यावर टोके एकमेकांना अडू लागतात, आणि ते अडणे बोटांना आधी कळते. त्यानंतर दोऱ्याने गोळा मधोमध कापायचा आणि टोके कोठे भेटली ते पाहायचे. कापलेल्या अर्ध्या गोळ्यावर टूथपिकांची टोके मध्याभोवती गोळा झालेली दिसली, तेव्हा वर्गात जी कुजबुज झाली ती शिक्षकांनी मध्येच बोलून मोडू नये असे मला मनापासून वाटते. पाठाचे महत्त्वाचे काम त्या वेळी चालू असते.

यानंतरच ओळंबा. दोऱ्याला लोखंडी नट बांधून प्रत्येक मुलाने तो स्थिर होईपर्यंत धरायचा. हा दोरा खाली जमिनीत लांबच लांब वाढवला तर कोठे जाईल, आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला कोणी असाच ओळंबा धरला असेल तर त्याचा दोरा कोठे जाईल, असे दोन प्रश्न विचारायचे. गोळा हातात असेल तर उत्तर मुलांकडूनच येते. पृथ्वीच्या दोन ठिकाणचे ओळंबे समांतर नसतात, हे मोठ्यांनाही चटकन पटत नाही म्हणून शिक्षकांसाठी एक चौकट लिहिली: न्यूयॉर्कमधील १९६४ मध्ये खुल्या झालेल्या व्हेराझानो-नॅरोज पुलाचे दोन मनोरे सुमारे २११ मीटर उंच आहेत आणि त्यांच्यात सुमारे १,२९८ मीटर अंतर आहे. दोन्ही मनोरे आपापल्या जागी ओळंब्यात उभे आहेत, आणि म्हणूनच त्यांची शिखरे पायांपेक्षा सुमारे ४ सेंटिमीटरने एकमेकांपासून अधिक दूर आहेत.

१० जुलै

कालच्या पाठाला जोडून एक लहान बदल केला. कृतिपत्रिकेचे पान प्रत्येक प्रश्नानंतर फिरवायचे, म्हणजे ज्या माणसाचा दगड काढायचा आहे तो दर वेळी वर येईल. शेवटच्या प्रश्नात मात्र पान फिरवू द्यायचे नाही. तेवढ्याने कोणाची समज पानाच्या आधाराने उभी आहे आणि कोणाची स्वतःच्या बळावर, ते वेगळे दिसते.

१४ जुलै

पडण्याचा पाठ. जड वस्तू आधी पडते, हा समज मुलांचा एकट्यांचा नाही. कित्येक शतके विद्वानांचाही तोच होता. १५८६ मध्ये सिमॉन स्टेव्हिन आणि यान कॉर्नेट्स दे ग्रोट यांनी डेल्फ्ट येथे शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, सुमारे ३० फुटांवरून एका फळीवर सोडले आणि दोघांच्या पडण्याचा एकच आवाज ऐकू आला. गॅलिलिओने पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची कथा सर्वांना आवडते, परंतु ती त्याचा शिष्य विव्हियानी याने पुढे लिहिलेल्या चरित्रातून आली आहे आणि तसा प्रयोग झाला की नाही याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. गॅलिलिओचे पक्के काम उतरत्या पन्हळीवरून घरंगळणाऱ्या गोळ्यांवरचे आहे. म्हणून पुस्तिकेत डेल्फ्टचा प्रयोग घेतला आहे. तो वर्गात करून पाहण्याजोगा आहे, आणि आवाजाने निकाल लावण्याची त्याची पद्धत मुलांसाठी अगदी योग्य आहे.

आवाजच का, याचे कारण साधे आहे. एक मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू सुमारे ०.४५ सेकंदात जमिनीवर येते, दोन मीटरवरून सुमारे ०.६४ सेकंदात. एवढ्या वेळात मुलाच्या हातातील स्टॉपवॉच मुख्यतः त्याच्या बोटाची चपळाई मोजते. डोळेही फसतात, कारण ज्याला जड डबी आधी पडेल असे वाटते त्याला ती आधी पडलेली दिसते. कानांना मात्र एक आवाज आणि दोन आवाज यांतला फरक बरोबर कळतो. म्हणून जमिनीवर पत्र्याचा ट्रे ठेवायचा, सारख्याच आकाराच्या दोन झाकणबंद डब्या घ्यायच्या, एकीत ओली वाळू भरायची आणि दुसरीत थोडीशीच कोरडी वाळू. दोन्ही डब्या सर्व मुलांनी हातात घेऊन वजनाचा फरक अनुभवायचा आणि मग, हे फार महत्त्वाचे आहे, प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा. अंदाज लिहून न घेता प्रयोग केला तर "मला माहीतच होते" असे म्हणण्याची वाट मोकळी राहते आणि आश्चर्याची धार बोथट होते.

पुढचा भाग कागदाचा आहे. सपाट कागद तरंगत येतो, त्याच कागदाचा बोळा डबीबरोबर पडतो. वजन तेच राहिले, बदलला तो आकार. मग उशीर कोणी केला? मुलांकडून हवेचे नाव यायला वेळ लागत नाही. त्यानंतर पुस्तकापेक्षा थोडा लहान कापलेला कागद पुस्तकावर नुसता ठेवून पुस्तक सोडायचे. कागद पुस्तकाला चिकटल्यासारखा बरोबर खाली येतो, कारण वाटेतली हवा पुस्तक बाजूला सारते.

चंद्रावरील प्रयोगाचे चित्रीकरण येथे, आणि येथेच, दाखवायचे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेचे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून १.३२ किलोग्रॅमचा हातोडा आणि सुमारे ३० ग्रॅमचे ससाण्याचे पीस एकदम सोडले, आणि दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकली. हे चित्रीकरण पाठाच्या सुरुवातीला दाखवले तर ती गंमत म्हणून संपते. कागद आणि पुस्तक हाताळून झाल्यावर दाखवले तर मुले ते पुरावा म्हणून पाहतात. शिवाय त्यातून आणखी एक मोठा गैरसमज दूर होतो. अनेक मुलांना, आणि बऱ्याच मोठ्यांनाही, असे वाटते की हवा नसेल तेथे गुरुत्वाकर्षणही नसते, जणू हवाच वस्तूंना दाबून खाली ठेवते. चंद्रावर हवा जवळजवळ नाही, आणि हातोडा तरीही पडला. "हातोडा पडला, की तरंगत राहिला?" हा प्रश्न चित्रीकरणानंतर लगेच विचारायचा, अशी ठळक सूचना लिहिली आहे.

१९ जुलै

वस्तू पडताना तिचा वेग वाढत जातो, हे सांगून पटत नाही; ते ऐकवता येते. दोऱ्याच्या एका टोकाला एक नट बांधायचा आणि तेथून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटर अंतरांवर आणखी चार. पहिला नट ट्रेवर जेमतेम टेकेल असा दोरा ताठ उभा धरायचा आणि सोडून द्यायचा. नटांमधील अंतर वर जाताना वाढत गेले आहे, तरी ट्रेवर टक, टक, टक, टक असे आवाज सारख्या अंतराने येतात, दर दोहोंत साधारण एक सप्तमांश सेकंद. दुसऱ्या दोऱ्यावर नट दर ४० सेंटिमीटरवर बांधायचे. आता अंतरे सारखी आहेत, पण आवाज पुढे पुढे एकमेकांच्या जवळ येतात. वरचे नट जास्त वेळ पडत आलेले असतात, म्हणून ते अधिक वेगाने येतात. १, ४, ९, १६ हे वर्ग आहेत हे पाचवीतल्या एखाद्या मुलाच्या लक्षात आले तर त्याचा आनंद त्याला घेऊ द्यावा; शिक्षकांनी तिकडे मुद्दाम वळवू नये. दोरा सोडणारी व्यक्ती मोठी असावी आणि मुलांनी ट्रेपासून दोन पावले दूर बसावे.

२३ जुलै

संचातील सर्वांत कठीण पाठ, आणि माझ्या मते सर्वांत गरजेचा. अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते, हे विधान मुले टीव्हीवरून, चित्रांवरून आणि दुर्दैवाने काही पाठांतूनही घेऊन येतात. अंतराळवीर तरंगताना दिसतात, त्यामुळे डोळ्यांचा पुरावाही त्याच बाजूचा असतो. वस्तुस्थिती अशी की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८९ टक्के असते.

मुलांसाठी टक्केवारी निरुपयोगी आहे, म्हणून अंतर डोळ्यांना दाखवायचे ठरवले. ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल टेबलावर ठेवायचा आणि अंतराळ स्थानक किती उंचावर असेल ते मुलांनी बोटाने दाखवायचे. बहुतेक हात डोक्याच्याही वर गेले, एक मुलगा तर दारापाशी जाऊन उभा राहिला. प्रमाणाने ते अंतर सुमारे ९ मिलिमीटर भरते. पट्टी लावून तेथे खडूची खूण केल्यावर सगळा वर्ग टेबलाभोवती जमला आणि "एवढंच?" हा शब्द कितीतरी तोंडांतून आला. चंद्र याच प्रमाणात सुमारे ९ मीटर दूर ठेवावा लागतो, म्हणजे दारापाशी गेलेल्या मुलाला बाहेर व्हरांड्यात जावे लागले. आणि एवढ्या दूरच्या चंद्रालाही पृथ्वीच धरून ठेवते, हे त्याच वेळी सांगायचे.

मग अंतराळवीर का तरंगतात? येथे शब्दांच्या आधी बाटली हवी. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ बाजूला एक भोक पाडायचे, भोकावर बोट ठेवून पाणी भरायचे आणि झाकण उघडेच ठेवायचे. बोट काढले की बारीक धार बाहेर पडते. आता धार चालू असतानाच बाटली उंचावरून रुंद बादलीत सोडायची. बाटली हवेत असते तेवढा वेळ धार पूर्ण बंद होते. पहिल्या वेळी हे सर्वांना दिसत नाही, म्हणून मोबाइलवर संथ गतीने चित्रण करून पुन्हा पाहावे; त्यात शेवटचे थेंब बाटलीच्या बरोबरीने, भोकाशेजारीच, खाली येताना दिसतात. धार का थांबली यावर मुलांचे पहिले उत्तर असे होते की खालून येणाऱ्या वाऱ्याने भोक बंद केले. ही शंका चांगली आहे आणि तिला तपासणीची संधी दिली पाहिजे: बाटली सोडण्याऐवजी वर फेकायची. हातातून सुटल्यापासून, वर जातानाही, धार बंदच राहते. वाऱ्याचे स्पष्टीकरण मग मुले स्वतःच सोडून देतात.

येथून स्पष्टीकरणाची भाषा काळजीपूर्वक ठरवली आहे. बाटली हातात धरलेली असते तेव्हा हात तिला थोपवून ठेवतो, त्यामुळे वरचे पाणी खालच्या पाण्याला दाबते आणि ते भोकातून बाहेर पडते. बाटली सोडली की पाणी आणि बाटली एकाच वेगाने पडत असतात. कोणी कोणाला थोपवत नाही, म्हणून कोणी कोणाला दाबतही नाही. ओढ तशीच आहे, दाब मात्र गेला. अंतराळ स्थानक आणि त्यातील माणसे अशीच एकत्र पडत असतात. ती जमिनीवर आदळत का नाहीत, या पुढच्या प्रश्नासाठी न्यूटनची उंच डोंगरावरील तोफ घेतली आहे. ही कल्पना त्याच्या मृत्यूनंतर १७२८ मध्ये प्रकाशित झालेल्या लेखनात चित्रासह आहे. गोळा जितका जोरात सुटेल तितका दूर जाऊन पडेल, आणि पुरेशा वेगाने सुटला तर तो पडत असताना पृथ्वीची जमीनही त्याच्याखालून वळत जाईल. शिक्षकांसाठी आकडे असे: पृथ्वीचा पृष्ठभाग दर ८ किलोमीटरला सुमारे ५ मीटर खाली वळतो, आणि सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे ५ मीटर पडते. अंतराळ स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आहे आणि साधारण दीड तासात ते पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण करते.

जर्मनीतील ब्रेमेन येथे एक पतन-मनोरा आहे, ज्यातील हवा काढलेल्या नळीत प्रयोगाची कुपी सुमारे ११० मीटर पडते आणि ४.७ सेकंद भारहीनता मिळते. हा उल्लेख मुलांसाठीही ठेवला आहे, कारण भारहीनतेसाठी अवकाशात जावे लागत नाही, नुसते पडावे लागते, हे त्यातून उघड होते.

२६ जुलै

चुंबकाबद्दल निर्णय. पृथ्वी मोठ्या चुंबकाप्रमाणे ओढते, असे सांगण्याचा मोह शिक्षकांना होतो आणि मुलांनाही ते पटकन आवडते. पुस्तिकेत त्याला जागा दिलेली नाही. चुंबक लोखंडाला ओढतो आणि लाकडाला सोडून देतो, जवळ धरला तर दुसऱ्या चुंबकाला दूरही लोटतो; गुरुत्वाकर्षण काहीच वगळत नाही आणि कोणालाही लोटत नाही. उपमेने एक दार उघडते आणि तीन चुकीच्या खोल्यांत नेऊन सोडते. त्याऐवजी सरळ सांगावे की सगळ्या वस्तू एकमेकींना ओढतात, पण ही ओढ फार क्षीण असल्याने वस्तू पृथ्वीएवढी अवाढव्य असेल तेव्हाच ती आपल्याला जाणवते.

यावर पाचवीतील एका मुलाने विचारले की मग तो आणि त्याचा शेजारी एकमेकांना ओढतात का, आणि असतील तर ते चिकटत का नाहीत. उत्तर होय असेच द्यायचे. प्रत्येकी ३० किलोग्रॅमची दोन मुले एकमेकांपासून एक मीटरवर असतील, तर त्यांच्यातील ओढ पृथ्वी त्यांना ओढते त्याच्या सुमारे पाचशे कोटीव्या हिश्शाएवढी भरते. इतकी क्षीण ओढ मोजताही येते, ही मला मानवी कौशल्याची कमाल वाटते: १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश याने सुमारे १५८ किलोग्रॅमचे शिशाचे गोळे आणि तारेला टांगलेला दांडा वापरून ती मोजली, आणि त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पटींच्या आसपास असल्याचे काढले.

पृथ्वी फिरते म्हणून ओढते, असेही काही मुले म्हणतात. फिरण्याचा परिणाम उलटा असतो, विषुववृत्तावर वजन किंचित कमी भरते, एवढे एक वाक्य शिक्षकांच्या चौकटीत पुरेसे आहे.

३० जुलै

वस्तुमान आणि वजन यांतील फरक फक्त पाचवीच्या भागात ठेवला. ताणकाट्याला टांगलेली पिशवी चंद्रावर नेली तर काटा सुमारे एक षष्ठांश दाखवील. तराजूच्या एका पारड्यात पिशवी आणि दुसऱ्यात मापे ठेवली तर तराजू तेथेही तेच माप दाखवील, कारण मापांची ओढही तेवढीच कमी झालेली असते. मुलांना दोन्ही उपकरणे हाताळायला द्यावीत आणि अंदाज विचारावा. सगळ्या ग्रहांवरील वजनांचे कोष्टक गाळले. मुले त्यातील बेरजा-गुणाकारात रमतात आणि विषय बाजूला राहतो.

२ ऑगस्ट

ताणलेल्या रबरी कापडावर जड गोळा ठेवून लहान गोट्या त्याभोवती फिरवण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे, अशी सूचना आली होती. ती स्वीकारली नाही. गोट्या खळग्याकडे जातात त्या पृथ्वी त्यांना खाली ओढते म्हणून, म्हणजे जे समजावायचे तेच गृहीत धरले जाते. या वयाच्या मुलांच्या हाती त्यातून "अवकाशात एक खड्डा असतो" एवढेच लागते.

६ ऑगस्ट

उत्तरचाचणीसाठी नवा प्रश्न घातला. पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार बोगदा आहे आणि वरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाने त्यात दगड सोडला, तर दगडाचे काय होईल? चार माणसांचे चित्र मुलांनी या वेळी बहुतांशी बरोबर काढले, दगड पृथ्वीच्या मध्याकडे नेले, पण बोगद्याच्या प्रश्नावर वर्ग विभागला गेला. काहींनी दगड पलीकडून बाहेर काढून आकाशात सोडला, म्हणजे त्यांची खालची दिशा अजून पानाच्या कडेकडेच जात होती. काहींनी तो नेमका मध्यावर थांबवला. एका मुलीने लिहिले, "मध्ये येईपर्यंत तो जोरात असेल, मग थांबेल कसा?" पडताना वेग वाढतो हे तिने नटांच्या दोऱ्यावरून घेतले होते आणि कोणी न सुचवता येथे आणले होते. बरोबर उत्तर असे: हवा नसेल आणि दगड बोगद्याच्या भिंतींना घासला नाही तर तो पलीकडच्या तोंडापर्यंत जाईल, तेथे क्षणभर थांबेल आणि परत येईल, हवा असेल तर हेलकावे कमी होत होत शेवटी मध्याशी स्थिरावेल. मध्यावर थांबतो असे लिहिणाऱ्या मुलांना दिशा समजली आहे, म्हणून ते उत्तर चूक ठरवायचे नाही. पुढचा पाठ त्यांना कोठून द्यायचा, एवढीच त्याची नोंद करायची. दगड पानाबाहेर नेणाऱ्या मुलांना मातीचा गोळा पुन्हा द्यायचा, व्याख्या पुन्हा सांगायची नाही.

११ ऑगस्ट

पुस्तिकेतील शेवटचा राहिलेला भाग म्हणजे "पण पृथ्वी का ओढते?" या प्रश्नाचे उत्तर. हा प्रश्न प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारतेच आणि शिक्षक तेथे अडखळतात, म्हणून त्याला टाळता येणार नाही. न्यूटनने १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात ओढ किती असते याचा नियम मांडला, पण ती का असते याबद्दल त्या ग्रंथाच्या १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने स्पष्ट लिहिले की मी तर्कांची कल्पित रचना करत नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वक्र होतात अशी अधिक खोल मांडणी केली, आणि वस्तुमानामुळे असे का होते हा प्रश्न त्यापुढेही उभा राहतो. शिक्षकांनी वर्गात म्हणायचे वाक्य असे ठरवले आहे: "सगळ्या वस्तू एकमेकींना ओढतात, असे जेथे जेथे पाहिले तेथे आढळले आहे, किती ओढतात हे आपल्याला अचूक सांगता येते, आणि का ओढतात यावर शास्त्रज्ञ आजही विचार करत आहेत." या वाक्यानंतर मुलांना आणखी प्रश्न विचारायला किमान पाच मिनिटे द्यावीत, आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न फळ्यावर मुलाच्याच शब्दांत लिहावा, अशी सूचना त्याखाली छापली जाईल.